गुंत्याची नोंद

घड्याळजी तीन वर्षं खोट्या आमिषाने मासे धरायला शिकत होता. पाणी गढूळ की नितळ, आमिषाचा रंग कुठला, दोरी किती वेगाने ओढली, सगळं वहीत टिपायचा. मासे मात्र त्याला हिंग लावूनही विचारत नव्हते.

आज दोरीचा गुंता झाला. तो चरफडत सोडवत बसला, आमिष तळाशी निपचित पडलं, आणि तेवढ्यात त्याला हातभर मासा लागला!

घड्याळजी चक्रावला. आता वेगाच्या रकान्यात लिहायचं काय?

"लिहा," काठावर शेजारी बसलेली बायको म्हणाली, "आज पहिल्यांदाच माशाला जरा उसंत दिलीत."

घड्याळजीने गंभीरपणे मान डोलावली आणि दोरीचा पुन्हा तस्साच गुंता करायला घेतला.