गोऱ्या अक्षरांचं पत्र

"हितंच बसायचं, धुळ्या. माझ्या नजरंम्होरं," असं म्हणून गुरप्पा पाटलांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि नरसय्याच्या पुढ्यात टाकलं. "वाचा, मास्तर. सरकारनं काय लिवलंय त्ये सांगा."

सोलापूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देणारा नरसय्या चष्म्याची दोरी कानाला गुंडाळू लागला. धुळा बुंध्याशी बसला. पाकिटावरचं अक्षर त्यानं चार हातांवरून ओळखलं. इंग्रजी डी काढताना त्याचं पोट असं पुढं काढणारा साऱ्या पलटणीत एकच होता, करमाळ्याचा लालसाब. 

पत्र येऊन तीन दिवस झाले होते. मंद्रूपच्या बाजारी टपालवाला वाडीची पत्रं पाटलांकडे देऊन जाई. पाटलांनी पाकीट फोडलं, आत इंग्रजी अक्षरं पाहिली आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. सुट्टीवर आलेल्या शिपायाला सरकारचा कागद कशाला? पोरगा पळून तर आला नाही? पळालेला शिपाई वाडीत सापडला, तर पहिली मान पोलीसपाटलाचीच अडकायची. धुळ्यानं सुट्टीचा पास दाखवला. "पास जुना, कागद नवा," पाटील म्हणाले. त्यानं पत्र मागितलं. "तू वाचून तुज्याच सोयीचं सांगशील की!" आणि आज पहाटे गाडी जुंपून, त्याला शेजारी बसवूनच पाटील सोलापुरात आले होते.

निघताना आई, केराबाई, बांधापर्यंत आली होती. लेक पलटणीत गेल्यापासून तिनं रविवार धरले होते. त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. "कागदात काय वंगाळ न्हाई न्हवं, बाळा?" तिनं विचारलं. "न्हाई, आये," तो खोटंच म्हणाला.

पत्र इंग्रजी नव्हतंच. पलटणीत शिपायाला हिंदुस्थानी लिहायला शिकवत, पण गोऱ्यांच्या अक्षरांत. म्हणजे साहेबालाही वाचता यावं. धुळा आणि लालसाब दोघांना तेवढीच एक लिपी येत होती. मशीनगन वाहणाऱ्या खेचरांच्या तबेल्यावर दोघांची नेमणूक झाली, तिथं ती ओळख. बराकी वेगळ्या, लंगर वेगळे, देव वेगळे. खरारा करता करता एकमेकांचा हात लागला आणि तो कुणी बाजूला घेतला नाही. अशी चार वर्षं गेली. नवराबायकोला देवाब्राह्मणांची साक्ष असते. ह्या दोघांना खेचरांची होती.

मग कुणीतरी हवालदाराच्या कानाला लागलं. काळोखात दोघं दिसले, पण ओळखू आला तो लालसाब एकटाच. दुसऱ्या दिवशी पहाटे धुळ्याची मंजूर सुट्टी सुरू होत होती. तिकडे लालसाबला साहेबापुढं उभं केलं आणि इकडे धुळा पेटी घेऊन गाडीत चढला. मागं वळून त्यानं पाहिलं नाही. अशा गुन्ह्याला कैद होती, नाव कटणं, म्हणजे पलटणीतून काढून टाकणं होतं. पण त्याहून धुळा भीत होता ते गावाला जाणाऱ्या खलित्याला. तो चावडीत मोठ्यानं वाचला जाई. आई तिथं हात जोडून उभी राहिली असती.

आणि आता हे पत्र, भर कचेरीसमोर.

नरसय्या मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेला. त्यानं घसा साफ केला. "सालाम. मेन खायरियट सी हन." तो थांबला. "हे काही तरी विचित्र आहे, पाटील."

"फुडं वाचा."

"साहिब नी पुछा कॉन था साथ. मेन नी..." नरसय्यानं कागद उलटा करून पाहिला. "व्याकरणच नाही ह्याला. 'मेन' म्हणजे पुष्कळ माणसं. पुढं 'हाय' आहे."

"हाय? मग मराठीच की!" पाटील खूश झाले.

शेजारी टांगा सोडून घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधत असलेला म्हातारा हसला. मेंदी लावलेली दाढी, अंगात जुना खाकी कोट. "पाटील, न ही अंग्रेजी, न मराठी. ही आमची जबान हाय. पलटणीत गोऱ्या हरफांत लिवत्यात. मी बसऱ्याला होतो लढाईत, मला ठावं हाय. लिवता न्हाई येत, पण कान हायत की."

"तुमचं नाव?"

"हुसेनसाब. वाचा, मास्तर. तुमी वाचा, मी सांगतो."

धुळ्याला वाटलं, उठावं, कागद हिसकावावा आणि तोंडात कोंबावा. पण पाटलांचा हात त्याच्या खांद्यावर येऊन बसला होता.

नरसय्यानं पुन्हा सुरुवात केली. त्या वेड्यावाकड्या उच्चारांखालून धुळ्याला लालसाबचा आवाज ऐकू येत होता. मी खुशाल आहे. साहेबानं विचारलं, बरोबर कोण होता. मी नाव घेतलं नाही. मार खाल्ला, तरी घेतलं नाही.

हुसेनसाबचे हात चंदीच्या पिशवीवर थबकले. त्यानं हळूच मान वळवून धुळ्याकडे पाहिलं. धुळ्यानं डोळे मिटून घेतले. मनात आईच्या देवाचं नाव घ्यायलाही त्याची जीभ धजेना.

"काय म्हंतोय त्यो?" पाटलांनी विचारलं.

"म्हंतोय," हुसेनसाब सावकाश म्हणाला, "तबेल्यातलं येक खेचर लंगडं झालं. सायबानं पुसलं, कुणी पळवलं? ह्यानं कुणाचं नाव सांगितलं न्हाई."

"आं? खेचर?"

"सरकारी खेचर हाय, पाटील. मानसापरीस म्हाग."

"मेरा नाम कॅट गाया," नरसय्या वाचत होता. "चार साल जूट नाहिन था." माझं नाव कटलं, ती चार वर्षं खोटी नव्हती, धुळ्याला कळलं.

 हुसेनसाबनं घोड्याच्या मानेवरची माशी दोनदा उडवली. माशी एकदाच बसली होती.

"बोला की, हुसेनसाब."

"त्या खेचराचं नाव कटलं म्हंतोय. चार साल लई इमानदारीनं वझं वाह्यलं त्यानं."

"बड की गाडी सी सोलापूर..." बुधवारच्या गाडीनं सोलापूरवरून जाणार, धुळ्याला कळलं.

"सोलापूर!" पाटलांनी धुळ्याचा खांदा आवळला. "सोलापूर म्हन्ला! मला ठावंच हुतं, ह्येच्यात कायतरी हाय!"

"आवो, चादर मागतोय," हुसेनसाब पटकन म्हणाला. "सोलापुरी चादर. येताना आन म्हंतोय दोस्ताला. दुसरं काय मागनार कुनी सोलापूरचं?"

पुढची ओळ नरसय्यानं वाचली. टेसनात येऊ नकोस, असं तीत होतं. मग पत्र संपलं.

पाटलांचा चेहरा पडला. "ह्या लंगड्या खेचरासाठी मी बैल दमवले व्हय?" पत्र धुळ्याच्या मांडीवर टाकून ते उठले. "माजं कचेरीत काम हाय. ऊन कललं की गाडीपाशी ये. आन् तुज्या त्या मैतराला सांग, मराठीत लिवत जा म्हनावं."

ते कचेरीत शिरले. नरसय्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं. धुळ्यानं पत्र घडी घालून अंगरख्यात सारलं. घडी नीट बसेना.

"चाचा," तो म्हणाला, "तुमी..."

"बसऱ्याला आमच्यात बी होते दोघं," हुसेनसाब घोड्याकडे बघत म्हणाला. "येक तितंच ऱ्हायला, रेतीत. त्याच्या घरी चिठ्ठी लिवायची दुसऱ्याला लई मर्जी होती. काय नातं म्हून लिवनार?"

"मग दुसऱ्यानं काय केलं?"

"काय करनार? बस टांग्यात. बुध आज हाय. कागदातली गाडी यायला येळ न्हाई."

"यिऊ नगं म्हन्लाय त्यो."

"व्हय, त्ये बी ऐकलं मी," हुसेनसाब म्हणाला आणि त्यानं घोडा जुंपला.

टेसनाच्या दारातून आत शिरताना धुळ्याला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटत होता. गाडी येऊन उभी होती. तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या खिडकीत खाकी कपडे दिसले आणि तो जागीच थांबला. त्यांच्याच पलटणीचा हवालदार होता तो, कुणाला तरी हाक मारत होता. मागं फिरावं, अजून वेळ आहे, कुणी पाहिलं नाही. नोकरी राहील, आईची मान खाली जाणार नाही. धुळ्याला हे सगळं कळत होतं.

तेवढ्यात लालसाब दिसला. अंगावर वर्दी नव्हती. मळका सदरा, पायजमा, एका भुवईवर खपली. फलाटाच्या टोकाला म्हातारा भिस्ती पाण्याची कातडी मसक घेऊन "मुसलमान पानीऽऽ" असं ओरडत होता, त्याच्यापुढं लालसाब वाकून ओंजळ धरत होता. पलीकडं पितळी कळशी घेतलेला ब्राह्मण "हिंदू पाणी" देत होता.

धुळा चालत गेला. हवालदाराची पाठ इकडे होती की तोंड, हे त्यानं पाहिलं नाही. तो लालसाबच्या शेजारी वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

लालसाबनं मान वर केली नाही. पण त्याच्या बोटांच्या फटी एकाएकी सुटल्या आणि पाणी खाली सांडू लागलं.

भिस्त्यानं धुळ्याच्या कपाळाकडे पाहिलं. पहाटे आईनं लावलेला भंडारा तिथं तसाच होता. "बाबा, तुझं पानी तिकडं हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"द्या की," धुळा म्हणाला.

मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी "आरं, बाटला की त्यो!" म्हणालं. म्हातारा भिस्ती क्षणभर थांबला. मग धार न तोडता त्यानं मसक एका ओंजळीवरून दुसरीवर नेली.

दोघं प्यायले. गाडीची घंटा झाली.