ग्रेसीच्या बाजूची फळी

मी एक जुना लाकडी रंधा आहे. माझ्या पोटात आता पातं नाही, तेव्हा मला हात लावायला घाबरू नका.

मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी रंधा पाहिलाही नसेल. हल्ली फर्निचर खोक्यातून येतं आणि स्क्रू पिळले की उभं राहतं. पूर्वी खडबडीत फळीवरून मला दाबून पुढे सरकवायचे. पोटातलं पातं फळीचा पापुद्रा सोलायचं आणि माझ्या तोंडातून कुरळं सालपट बाहेर पडायचं. फळी गुळगुळीत व्हायची. एवढंच माझं काम, पण ते मी मन लावून केलं.

माझा जन्म दादरचा. पोर्तुगीज चर्चच्या मागे एक बिल्डिंग आहे, तिच्या तळमजल्यावरच्या मागच्या व्हरांड्यात मी घडलो. माझं लाकूड मात्र वरळी कोळीवाड्याचं. तिथे हरेश्वर नावाच्या कोळ्याची जुनी होडी मोडीत निघाली होती. त्याचा दोस्त कॉनरॅड सहज म्हणून गेला आणि होडीच्या बाभळीच्या फासळीकडे बघत उभा राहिला.

"बघतोस काय नुसता? घेऊन जा," हरेश्वर म्हणाला. "इतकी वर्षं दर्याला हिनं दाद दिली नाही. तुला देते का बघ!"

कॉनरॅड काही सुतार नव्हता. तो ऑफिसात मशीनचे नकाशे काढायचा. लाकूडकाम ही त्याची रविवारची हौस, चर्चमधल्या मासहून घरी आल्यावरची. तो डावखुरा. बाजारातले रंधे त्याच्या हाताला बोचायचे, म्हणून त्याने माझी मूठ आपल्या डाव्या तळव्यावर बेतून कोरली. पुढे दुसऱ्या कुणी मला उचललं की ते म्हणायचे, "हा काहीतरी वाकडाच आहे." मला त्याचं वाईट वाटायचं नाही. ज्याच्यासाठी मी होतो, त्याला मी सरळच होतो.

आता आमच्या टेबलाबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

व्हरांड्यात कॉनरॅड ज्यावर काम करायचा ते होतं त्याच्या बायकोचं, ग्रेसीचं, स्वयंपाकघरातलं जुनं टेबल. बुटकं आणि पायांत ढिलं. मला जोरात पुढे ढकललं की टेबलही पुढे चालायला लागायचं. पाचर मारून झाली, खिळे ठोकून झाले, काही उपयोग नाही. शेवटी एका रविवारी ग्रेसी निवडायच्या मिरच्यांनी भरलेलं सूप घेऊन आली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकावर बसली. टेबल जागच्या जागी थांबलं.

"झालं? आता मार तुझा रंधा," ती म्हणाली.

"तू किती वेळ बसणार अशी?"

"मिरच्यांचे देठ संपेपर्यंत."

मित्रांनो, ते देठ वर्षानुवर्षं संपले नाहीत. मे महिन्यात वर्षभराच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या, मग लसूण, मग जवळा निवडायचा, कधी नुसतीच हातातली जपमाळ. रविवार आला की मी या टोकाला आणि ग्रेसी त्या टोकाला. लाकडाच्या रेषांच्या उलट्या दिशेने मला चालवलं की पातं अडखळतं आणि फळी उसवते. तो हिसका ग्रेसीला बसल्या जागी कळायचा. मान वर न करता ती म्हणायची, "कॉनी, उलटं चाललंय." कॉनरॅड निमूटपणे फळी फिरवायचा. बोलणं एवढंच. पण एवढ्यावर त्यांचा रविवार भरून जायचा.

त्या टेबलावर मी त्यांच्या मुलाचा, गॅविनचा, पाळणा केला, मग गॅविनचंच अभ्यासाचं टेबल. बिल्डिंगमधल्या कमळाबाईंचा देव्हारा केला, तेव्हा त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "गुणाचा आहे हो तुमचा रंधा." डिसेंबरात माझी सगळी सालपटं ग्रेसी पिशवीत जपून ठेवायची. नाताळच्या गोठ्यात बाळ येशूखाली गवताऐवजी ती पसरली जायची. याहून मोठा मान मला कुठला मिळणार होता?

मग कॉनरॅड रिटायर झाला. बुटक्या टेबलावर वाकून वाकून त्याची कंबर धरायला लागली. गॅविन आता कमावता, लग्न झालेला. वडिलांची कंबर बघून त्याचा जीव तुटायचा. त्याने ठरवलं, डॅडींना चांगलं कामाचं टेबल करून द्यायचं आणि रंधेसुद्धा नवे घ्यायचे. मनात माया होती, म्हणूनच पुढे कुणाला काही बोलता आलं नाही.

नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला धनेशच्या हत्यारांच्या दुकानात कॉनरॅड गॅविनबरोबर मला पिशवीतून घेऊन गेला.

"अंकल, हे ओंडकं कशाला उचलून आणलं?" धनेश हसला.

"जुना हातात धरल्याशिवाय नवा कसा कळणार?"

धनेशने लोखंडी रंधे काउंटरवर मांडले. "हा लांबवाला, फळी सरळ करायला. लांब असला की खड्ड्यात उतरत नाही, उंचवट्यावरूनच जातो. हा आखूड, शेवटचा हात मारायला. आणि हा एका मुठीतला, कडा मारायला. स्क्रू फिरवा, पातं खाली-वर. ठोकाठोक नाय."

कॉनरॅडने आखूड रंधा उचलून डोळ्यांसमोर धरला, तळ सपाट आहे का पाहिलं. "मला हा एकच बस."

"डॅडी, तिन्ही घ्या. आयुष्यभर दुसऱ्याची हौस केली, आता तुमची."

तिन्ही आले. चांगले होते बिचारे, त्यांचा काही दोष नव्हता.

नवं टेबलही आलं. जाडजूड सागवानाचं, लाकूड आवळून धरायला लोखंडी शिकंजा, मागून भिंतीला बोल्टनी जखडलेलं आणि कॉनरॅडच्या कंबरेच्या मापाने चांगलं उंच. जुनं टेबल भंगारवाल्याने नेलं. नेण्याआधी कॉनरॅडने त्याची एक फळी उचकटून कोपऱ्यात उभी केली. का, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्याच रविवारी ग्रेसी सवयीने सूप घेऊन आली आणि त्या उंच टेबलापुढे थांबली.

"मम्मी, आता तुला बसायला नको!" गॅविन आनंदाने म्हणाला. "हत्ती बसला तरी हलणार नाही."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी हत्तीच्या नोकरीवर होते तर."

सगळे हसले. ग्रेसीही हसली आणि सूप घेऊन आत गेली. तिचं आत जाणं भिंतीवरच्या फळीवरून मी पाहिलं, पण रंध्याला हाक मारता येत नाही.

त्यानंतर व्हरांड्यात नुसता रंध्याचाच आवाज यायचा. फळी उसवली तरी "उलटं चाललंय" म्हणणारं कुणी नव्हतं. आत टीव्ही चालू असायचा. हळूहळू कॉनरॅड रविवारीही आतच बसायला लागला. ग्रेसी सोफ्याच्या त्या टोकाला, हा या टोकाला. तिचे गुडघे आखडत गेले. नवे रंधे पेटीत आणि मी फळीवर.

तेवढ्यात गॅविनची मुलगी फ्लॅविया रांगायला लागली. तिची आई अँड्रिया फार सावध. दाराच्या फटीत बोट सापडेल, चादरीत पाय अडकेल, सगळं तिला आधी दिसायचं. एक दिवस तिची नजर माझ्या पात्यावर गेली आणि तिचा चेहराच उतरला. तिने पात्याला धरून ठेवणारी पाचर ठोकून सैल केली, पातं काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि बाळ कधीच जाणार नाही अशा जागी ठेवलं: स्वयंपाकघरात, खारवलेल्या सुक्या बोंबलांच्या डब्यामागे. वासाने फ्लॅविया तिकडे फिरकायची नाही. आईच्या दृष्टीने जागा बिनतोड होती. पण मिठाच्या खाऱ्या दमटपणात लोखंडाचं काय होतं, हे घाईत तिच्या ध्यानात आलं नाही.

दोन पावसाळे गेले. एका रविवारी कॉनरॅड पाना घेऊन व्हरांड्यात आला, टेबलाखाली शिरला आणि भिंतीकडचे बोल्ट एकेक करून ढिले केले. टेबल हलवून बघितलं. डुगडुगलं. तेव्हा त्याने आत हाक मारली.

"ग्रेसी, जरा येतेस? टेबल हलतंय."

ग्रेसी भिंतीला धरत धरत आली. जमिनीवरचा पाना तिला दिसला.

"आपोआप हलायला लागलं?"

"हो ना. मुंबईची हवा."

"खोटारड्या!" तिने टेबलाच्या कडेवर हात टेकला. "पण हे उंच आहे, कॉनी. आता नाही जमत मला चढायला."

ती कमरेने टेकून थोडा वेळ उभी राहिली. मग गुडघा दुखायला लागला आणि परत गेली.

कॉनरॅडने कोपऱ्यातली ती फळी काढली. जुन्या टेबलाची, ग्रेसीच्या बाजूची, तिच्या बसण्याने झिजलेली. तिची त्याला पायरी करायची होती, ग्रेसीला वर चढायला. आणि त्या फळीला त्याला मीच हवा होतो. त्याने मला उचललं, उलटं केलं, आणि पोट रिकामं!

अँड्रियाने धावत जाऊन फडकं आणलं. उघडलं तर पात्यावर लाल गंजाचे पोपडे, धारेला खड्डे.

"डॅडी, मी... मला फक्त बाळाची भीती वाटत होती."

"वाटायलाच हवी, पोरी. फक्त मला सांगायचंस. तेल लावून ठेवलं असतं आपण."

त्याने ते पातं दगडावर घासलं, घासतच राहिला. खड्डे जाईपर्यंत घासायचं तर पातंच उरलं नसतं. शेवटी होती तेवढ्या धारेवर आम्ही दोघांनी ती फळी रंधली. प्रत्येक फेरीला माझ्या पोटातून एक ओरखडा तिच्यावर उमटत होता. तो मला आजही सलतो. माझं शेवटचं काम, आणि ते ग्रेसीच्या फळीवर, असं.

पायरी झाली. अँड्रियाच्या खांद्याचा आधार घेऊन ग्रेसी चढली आणि टेबलाच्या टोकावर बसली. टेबल थांबलं. कॉनरॅडने नवा लोखंडी रंधा हातात घेतला.

"उलटं चाललंय," ग्रेसी म्हणाली.

"अजून सुरूच कुठे केलंय मी!"

"माहीत आहे. खूप दिवस म्हणायचं राहिलं होतं."

आता ती अधूनमधून बसते. फार वेळ नाही; गुडघे बसू देत नाहीत. सूपभर मिरच्या काही आता एका बैठकीत निवडून होत नाहीत. मधले दोन पावसाळे कुणालाच परत आणता आले नाहीत. माझं झिजलेलं पातं कॉनरॅडने तेल लावून डब्यात ठेवलं आहे आणि मी फळीवरून त्या दोघांकडे बघत असतो.

मित्रांनो, हत्यारांना तेल लावा, ती जपून ठेवा आणि कुठे ठेवली ते घरात सांगून ठेवा. आणखी एक. घरात काही डुगडुगत असेल तर जरूर पक्कं करा. पण पाना हातात घेण्याआधी एकदा बघा, आजवर ते कोणी धरून ठेवलं होतं. त्या माणसाला तिथेच बसायला जागा ठेवा.