पाटीवर राहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. माझा कोपरा टवकला आहे, चौकट खिळखिळी झाली आहे. पण एका अख्ख्या कीर्तनाची पहिली वाचक मीच, बरं का! हे भाग्य चांगल्या चांगल्या कागदांनाही मिळत नाही.

कुठल्याशा डोंगरातून मला काढलं, घासलं, चौकटीत बसवलं. वसमतच्या बाजारातून ख्रिस्ती उपदेशक माणिकरावांनी मला औंढ्याजवळच्या आपल्या घरी आणलं. आधी त्यांचा दाविद माझ्यावर अक्षरं गिरवायचा, मग धाकटी सुनीती. दोघं मोठी झाली आणि मी पिठाच्या डब्यावर झाकण होऊन बसले. किती वर्षं कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!

मग जगात मोठी लढाई लागली नि कागद मिळेनासा झाला. नेमकं त्याच वर्षी नाताळच्या कीर्तनाचं आख्यान लिहायचं काम सुनीतीकडे आलं. सोळा वर्षांची पोर! तिनं मला डब्यावरून उचललं आणि घासून लख्ख केलं.

आख्यान होतं उधळ्या पुत्राचं. घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो, ती येशूनं सांगितलेली गोष्ट. आणि आमचा दाविदही घर सोडून गेलेला! उपदेशक व्हायचं नाकारून तो वसमतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला होता. अप्पांनी, म्हणजे माणिकरावांनी, बजावलं होतं, "त्यानं आधी पाय धरावेत. तवर या घरात पाऊल टाकायचं न्हाई."

सुनीतीच्या पहिल्या ओळी भलत्याच जड होत्या. 'हे पापी मानवा!' असं सगळं. आई, रूपाबाई, भाकरी थापताना ऐकत होत्या.

"काहून गं, सगळ्यांवर ओरडून राहिलीस? माणसं नाताळाला येतात, मार खायला न्हाई."

सुनीतीला हसू फुटलं. तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं. मोठ्यानं म्हणून बघितलं, जिथं दम लागला तिथं ओळ तोडली. उपाशी मुलगा आता आमच्याच शिवारातून चालत येऊ लागला. वा!

शेवटाला मात्र तिचा हात अडला. मग तिनं घाईघाईनं लिहिलं, 'मुलाने पाय धरले, तेव्हा बापाने क्षमा केली.'

रूपाबाईंचा हात परातीतच थांबला. "येशूच्या शुभवर्तमानात असं हाय?"

"न्हाई. पण आधी अप्पा वाचणार हाईत ना!"

"मग अप्पांना भिऊन लिहून राहिलीस व्हय?"

सुनीतीनं ओलं फडकं फिरवलं आणि दाबून लिहिलं, 'मुलगा लांब होता, तोच बाप धावत सुटला.' इतकं दाबून, की पेन्सिल तुटली आणि मला ओरखडा पडला.

दुपारी अप्पा आले. त्यांनी मला उजेडात धरलं. शेवटच्या ओळीपाशी त्यांचे डोळे थांबले आणि त्यांनी ओलं फडकं उचललं. ती ओळ पुसली, की कीर्तन गेलं, आणि दाविदही गेला!

"पोरी, हे मला लिहिलंस?"

सुनीती म्हणाली, "हाय तसंच लिहिलं, अप्पा. वाचायला तुमीच शिकवलंत."

फडक्यातला एक थेंब माझ्या चौकटीवर पडला. दुसरा पडला. अप्पांनी ओठ हलवत ती ओळ पुन्हा वाचली. मग फडकं खाली ठेवलं आणि खुंटीवरचा फेटा काढला.

"अहो, कुठं निघालात?"

"वसमतला."

"जेवून तरी जा!"

"तो बाप जेवून धावला होता व्हय?"

मित्रांनो, नाताळाला दाविदनं त्याच कीर्तनात टाळ धरला. मला पुन्हा पुष्कळदा पुसलं गेलं, पण तो ओरखडा अजून तसाच आहे. देवाच्या गोष्टी लिहिणाऱ्या मुलामुलींनो, तुमची पाटी जपा. आवडलं नाही तर खुशाल पुसा, दहादा पुसा. फक्त भिऊन पुसू नका. आणि तेवढं मला पिठाच्या डब्यावर ठेवू नका हं!