घटापुढचा माईक

आमचे हे, म्हणजे जयराजराव, कुपवाडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहेत. पण ती आपली खरी ओळख नव्हे, असं ते स्वतःच सांगतात. खरी ओळख म्हणजे आवाज. भावकीतल्या लग्नांत, सांगलीपासून साताऱ्यापर्यंत, "जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये" हे वाक्य माईकवर त्यांनीच म्हणायचं असतं, आणि त्या आवाजावर विश्वास ठेवून माणसं जेवलेली आहेत. एवढा आवाज भावकीपुरता का ठेवायचा, म्हणून त्यांनी मोबाईलवर एक कोर्स केला आणि जाहिरातींना आवाज द्यायचं ठरवलं. त्यासाठी घरात स्टुडिओ हवा.

विश्रामबागेतलं आमचं घर रस्त्याला लागून. हे सगळ्या खोल्यांतून टाळ्या वाजवत फिरले. टाळी घुमता कामा नये, असं कोर्समध्ये शिकवलेलं. शेवटी त्यातल्या त्यात टाळी पसंत पडली ती देवघरात. आतली खोली, खिडकी नाही. देव काही दिवस फ्रिजवर राहतील, असं त्यांनी सांगून टाकलं. पितृपक्षच तर चालू आहे, म्हणाले, तशीही शुभकार्यं बंद असतात. पितृपक्षात देवांनाही रजा असते, हे मला नवीन होतं. घरातल्या झाडून सगळ्या वाकळा भिंतींवर चढल्या.

आंघोळ झाली की पोथीचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, हा माझा माहेरापासूनचा नेम. तो आता मनातल्या मनात होऊ लागला. मिक्सर बंद, कुकर बंद. फ्रिजची घरघर माईकमध्ये येते म्हणून तोही बंद. आत दूध नासायचं आणि वर देव बसून बघायचे. तिकडे देवघरात हे सुट्टीचा सबंध दिवस एकच "नमस्कार" म्हणायचे, निरनिराळ्या आदरानं.

मला एवढंच हवं होतं, की घट बसायच्या आत देव आपल्या जागेवर यावेत. मी कधी आवाज चढवत नाही. या घरात तो एकानं चढवला की पुरतो. अमावास्येला त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, उद्या घट आतल्या जागेवरच बसवू ना? हे हेडफोन लावून स्वतःचाच आवाज ऐकत होते. डोळे मिटून त्यांनी मोठ्या समाधानानं मान डोलावली. नवऱ्याची संमती याहून स्पष्ट काय असते?

माझ्या सासूबाई मनुबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, नवरात्रासाठी साताऱ्याकडच्या गावाहून आल्या होत्या. सकाळी हे कारखान्यात गेल्यावर आम्ही दोघींनी देव आत नेले, पत्रावळीवर काळी माती पसरली, धान्य पेरलं, घट बसवला आणि अखंड दिवा लावला. माईकची दांडी तेवढी बाजूला सरकवली.

संध्याकाळी हे दारातच थबकले. घट स्वयंपाकघरात हलव म्हणाले. मी आत्याबाईंकडे पाहिलं.

"बसल्याला घट दसऱ्याबिगर हलत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तुझा भोंगा हलीव."

आणि नेमकं तिसऱ्या माळेला काम चालून आलं. साताऱ्याच्या सयाजीरावांचा मटण मसाला. दसरा उलटला की माणसं मटणावर तुटून पडतात, त्याआधी जाहिरात तयार हवी. आधी आवाजाचा नमुना पाठवायचा होता. हे कागद घेऊन आत गेले. आत्याबाई दिव्यापाशी जपमाळ ओढत बसलेल्या. ह्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"जयराज, घटाम्होरं मटणाचं नाव काढू नगंस."

हा नुसता नमुना आहे, असं ह्यांनी समजावलं.

"नमुना का हुईना. देवीला ऐकू येतंय न्हवं?"

मग हे झोपायच्या खोलीत गेले. तिथं कुपवाडला जाणाऱ्या मोटारसायकली मजकुरात घुसायला लागल्या. वाकळा काढून आणाव्यात, तर त्यांवर आत्याबाईंनी फुलांच्या माळा लटकवलेल्या. शेवटी कपडे आवाज शोषतात हे कोर्समधलं ज्ञान आठवलं आणि हे माझ्या साड्यांच्या कपाटात शिरले. साड्यांत मी डांबरगोळ्या जरा सढळ हातानं टाकते. नमुना संपवून हे बाहेर आले तेव्हा डोळे लाल, नाक चोंदलेलं, खांद्यावर माझी इरकल.

नमुना पाठवताना त्यांचा धीर सुटला. आत्याबाई म्हणाल्या, देवीला नवस बोल. हे घटापुढे हात जोडून उभे राहिले. "आई, एवढं काम मिळू दे. ही खोली तुझी तुला परत. पुन्हा इथं माईक लावणार नाही." काम मिळालं की मोठे स्टुडिओच बोलावतील, असा त्यांचा हिशोब असावा. मी मागे कापूर घेऊन उभी होते. मीही हात जोडले आणि त्यांना काम मिळावं म्हणून अगदी मनापासून प्रार्थना केली.

सातव्या माळेला सयाजीरावांचा फोन आला. ह्यांनी कौतुक सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"सायेब, लय जणांनी आवाज पाठवलं. समदी बातम्या वाचल्यागत बोलत्यात," सयाजीराव म्हणाले. "तुमी एकटंच खाता खाता बोललाय. तोंडात घास हाय, तिखटानं नाक वाहतंय, समदं कळतंय बगा. पुढच्या समद्या जाहिराती तुमच्याच. फकस्त आवाज हाच पायजे. सुधरू नगासा."

हे नुसतेच "हो, हो" म्हणत राहिले. आत्याबाईंनी देवीपुढे साखर ठेवली.

दसऱ्याला घट उठले, देव राहिले. वाकळांना ऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी अध्याय मोठ्यानं वाचला. वाकळा नसल्या की आतल्या खोलीत आवाज छान घुमतो.

माईक आता माझ्या साड्यांत टांगलेला असतो. परवा सयाजीरावांना आवाज थोडा मोकळा वाटला म्हणे. मी बाजारातून येताना डांबरगोळ्यांची नवी पाकिटं आणली. नवस ह्यांचा असला, तरी घरच्यांनी हातभार लावावाच लागतो.