चुंबक बदलल्याचा आळ

डगमगणारं टेबल. रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तीन टाचण्या. उघडं दप्तर.

मित्रांनो, मी घाटकोपरच्या एका शाळेतला जुना पट्टीचुंबक. एक टोक लाल, एक निळं. खरं सांगू? तुमच्यावरही माझा भरवसा नाही. मला बाकावर आपटणारे हात तुमच्याएवढेच होते.

माझ्या पोटात असंख्य चिमुकले चुंबक आहेत. बहुतेकांची तोंडं एकाच दिशेला असली, तरच मला जोर येतो. आपटलं, तापवलं की रांग मोडते. म्हणून पेटीत मी आणि माझा जोडीदार उलटसुलट निजायचो. माझ्या लाल टोकाशी त्याचं निळं. दोन्हीकडे मऊ लोखंडाची एकेक पट्टी आडवी. त्या पट्ट्या आमची रांग सांभाळत.

१९८२च्या दिवाळीआधी प्रयोगशाळेचे शिपाई धाकूमामा यांनी पट्ट्या काढल्या आणि आम्हाला पेटीत कोंबलं, लालशी लाल. महिनोन् महिने आम्ही एकमेकांना ढकलत राहिलो. जोर ओसरत गेला.

पुढच्या ऑगस्टमध्ये आठवीतल्या नंदाने विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी, विज्ञानाच्या कर्णिकबाईंना विचारून, मला घरी नेलं. सोमवारी परत आणलं. कर्णिकबाईंनी मला टाचण्यांत बुडवलं. तीनच चिकटल्या.

"गेल्या वर्षी चाळीस उचलायचा हा! नंदा, तुझा भाऊ रेडिओच्या दुकानात आहे ना? त्याने बदलला?"

"नाही हो बाई! दादाने हातसुद्धा लावला नाही."

"दप्तर उघड. प्रदर्शनातून तुझं नाव काढते मी."

"चुंबकचोर!" मागून कुणीतरी खिदळलं. मला सगळं ठाऊक होतं, पण मला टोकं दोन, तोंड एकही नाही.

मग एके दिवशी नंदा आईला घेऊन आली. "बाई, मी एकच नेला होता. दुसरा पेटीतच होता ना? तोही बुडवून बघा."

बुडवला. दोनच टाचण्या. बाईंनी पेटी चाचपली, तर लोखंडी पट्ट्याही नव्हत्या.

धाकूमामा डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाशी वाकले. "बाईनु, ते पट्टये हय आसत. टेबल हलता म्हणान पायाखाली मीच घातलंय."

"चुकलं गं माझं," बाई पुटपुटल्या.

"वर्गासमोर बोललात ना बाई?" नंदाची आई म्हणाली. "मग वर्गासमोरच सांगा."

बाईंनी सांगितलं. नाव पुन्हा यादीत आलं. एका जोरदार चुंबकाने मला एकाच दिशेने घासघासून नंदाने माझी रांग परत लावली.

मित्रांनो, चुंबक ठेवताना पट्ट्या लावा. आणि कुणावर बोट रोखण्याआधी जोडीतला दुसराही तपासा.

त्या ऑगस्टमध्ये, 'चुंबकचोर' ऐकल्यानंतर, नंदा अकरा दिवस शाळेत आली नव्हती.