भिंतीपलीकडची पहिलारू

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते अवघ्या दोन लिटरांवरून.

सासऱ्यांनी गोठ्याच्या मधोमध भिंत घातली, तीन गाई इकडे, तीन तिकडे, आणि दोन्ही सुनांना सांगितलं की आता आपापलं बघा. दोघींचे नवरे दिवसभर बाहेर कामाला, म्हणजे गोठ्यात राज्य बायकांचंच, आणि एका राज्यात दोन राण्या नांदायच्या नाहीत हे म्हाताऱ्याने वेळीच ओळखलं होतं. राहिली सातवी, गाभण कालवड. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, तेव्हा थोरलीने तिला बाटलीने दूध पाजून, थंडीत आपला जुना स्वेटर तिच्या अंगावर घालून वाढवलं होतं. कालवड आपलीच हे ती धरूनच चालली होती.

सासरे म्हणाले, "महिनाअखेर ज्या गोठ्याचं दूध जास्त, कालवड त्या गोठ्यात. मला दोघी सारख्याच."

वीस वर्षं धारा काढून जिच्या बोटांना घट्टे पडलेत तिच्याशी तीन वर्षांपूर्वी घरात आलेली पोर बरोबरी करणार, याचं थोरलीला आधी हसूच आलं. पहिला आठवडा दोघींचे कॅन सारखे भरले. दुसऱ्या आठवड्यात धाकटीचं दूध दोन लिटरांनी वर गेलं. धाकटी बोलली काहीच नाही, नुसती हसली. बोलली असती तर परवडलं असतं, एवढं ते हसणं थोरलीला झोंबलं.

गव्हाणीजवळ भिंतीची एक वीट निखळली होती. थोरली रोज सकाळी तिथे डोळा लावून उभी राहू लागली. धाकटी मुरघास, म्हणजे खड्ड्यात मुरवलेला हिरवा चारा, घालते असं दिसलं, की दुसऱ्या दिवशी हिच्या गव्हाणीत पाटीभर मुरघास. तिकडे पेंड दिसली, की इकडे दुप्पट पेंड. तिकडे हिरवा चारा कुटी करून, की इकडे सुकी वैरण एकदम बंद. बिचाऱ्या गाईंना आज काय खायचं आणि काल काय खाल्लं याचा मेळ लागेना. शेण पातळ झालं, रवंथ थांबला, आणि दूध वाढायचं सोडून चार लिटरांनी खाली आलं. दूध खाली आलं तसा थोरलीचा डोळा त्या भोकाला जास्तच चिकटला.

शेवटी गुरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. त्याने गाईंच्या कुशीवर कान लावला, शेण पाहिलं आणि विचारलं की खाण्यात काय बदल केला. थोरलीने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिचीच जीभ अडखळली.

"अहो ताई, नवं खाणं अंगवळणी पडायला गाईच्या पोटाला दहा-पंधरा दिवस लागतात," डॉक्टर म्हणाला. "थोडं थोडं करून बदलायचं असतं. यात खाण्याचा दोष नाही, घाईचा आहे."

जाता जाता त्याने पलीकडे नजर टाकली आणि म्हणाला की तिकडे गाईंसमोर पाण्याचं टाकं दिवसभर भरलेलं असतं, तेवढं मात्र उचलण्यासारखं आहे. दोनदा पाणी दाखवून भागत नाही, दुधात बहुतेक पाणीच तर असतं. टाकं थोरलीनेही पाहिलं होतं. शिकून आलेल्या धाकटीचे नखरे म्हणून सोडून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शहाणपण आलं तोवर महिना संपला. सासऱ्यांनी कालवडीचं दावं सोडलं आणि तिला पलीकडे नेलं. थोरली पाठ करून कॅन घासत बसली. धाकटीला कालवडीने थेंबभर दूध देऊ नये, असं तिच्या मनात आलं. असं मनात येणं वाईट, हे तिला कळत होतं आणि तरी ते येत होतं.

आठ दिवसांनी कालवड व्याली. वासरू धडधाकट झालं, पण पहिल्याच वेताची ती पहिलारू, धाकटी धारेला बसली की लाथ झाडायची आणि पान्हा चोरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"जाऊबाई, ती पान्हाच सोडत नाही. कास दगडासारखी झालीय. सड सुजले तर गाय हातची जाईल. चला ना तुम्ही."

थोरलीला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी तिने दोनदा हात धुतले. मग गेली. पहिलारूने तिचा खांदा हुंगला. थोरली खाली बसली, बाटलीच्या दिवसांत बोलायची तेच काहीबाही पुटपुटली, कास कोमट पाण्याने पुसली, आणि बघता बघता बादलीत फेस चढला.

"मला शिकवा ना," धाकटी म्हणाली. "हात कुठे ठेवता, काय बोलता, सगळं."

शिकवायला फार काही नव्हतं. चार दिवस शेजारी बसवायचं, तिचा हात आपल्या हाताखाली धरायचा, की गाय तिला ओळखू लागली असती. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं.

"ते शिकवून येत नाही," ती म्हणाली. "मी येत जाईन दोन्ही वेळा."

आणि ती जाऊ लागली. पहिलारूची वेळ चुकवायची नाही, म्हणून पाचच्या ठोक्याला पलीकडे. तिच्या स्वतःच्या गाईंनाही पाचचीच सवय होती, पण आता त्यांची पाळी सहाला यायची, कधी साडेसहाला. सडांतून दूध जमिनीवर ठिबकायचं. मग ठिबकणंही कमी झालं. गाईसुद्धा किती दिवस वाट पाहणार? धाकटीचे कॅन काठोकाठ भरू लागले आणि थोरलीचा कॅन एका हाताने उचलण्याजोगा हलका झाला.

धाकटी आपल्याच गोठ्यात पाहुणीसारखी उभी राहून थोरलीच्या बोटांकडे टक लावून बघायची. ती नजर थोरलीच्या चांगल्या ओळखीची होती. गेल्या महिन्यात तीच नजर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती. आता ती दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहताना तिला जे सुख व्हायचं, ते वीस वर्षांत कुठल्या भरल्या कॅनने दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी सासरे धाकटीच्या गोठ्याच्या दारात येऊन थांबले. भिंतीपलीकडे तिन्ही गाई एकसारख्या हंबरत होत्या.

"सूनबाई, हिचा कॅन तू भरतेस आणि तुझ्या गाई तिकडे ओरडतायत. ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की, मामंजी," थोरली म्हणाली, आणि भरलेली बादली बाजूला सारून तिने धाकटीकडे दुसरी मागितली.