सातवा टायर

जुन्या टायरांवर नवी नक्षी चढवणाऱ्या कारखान्यात ताईचं काम होतं वाचायचं. टायरच्या कडेवर उठलेले आकडे ती बोटांनीच वाचायची: माप, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला, आणि शेवटी ज्याचा त्याचा नंबर. वाफेने शेड इतकी धूसर व्हायची की माणसं तरंगत चालल्यासारखी वाटत.

त्या दुपारी एका टायरवर बोट फिरवता फिरवता तिचा हात थिजला. हा नंबर तिला तोंडपाठ होता. सहा वर्षांपूर्वी दादाच्या ट्रकला नवे टायर बसले, तेव्हा स्टेपनी धरून सातही नंबर तिनेच उतरवले होते. त्याच आठवड्यात दादा बाबांशी कडाकडा भांडला आणि ट्रक घेऊन जो गेला, तो गेलाच.

"हा कुठला हो?" तिने टायर आणणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं.

"खडीच्या खाणीवरचा. का, भूत दिसलं की काय?"

"तसंच समजा."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिने खाण गाठली. वजनकाट्यावरचा कारकून म्हणाला, "आमची गाडी वाटेत अडली होती. एका मीठवाल्याने स्वतःची स्टेपनी काढून दिली. नावसुद्धा न सांगता गेला बघा."

ती तशीच मिठागरांवर पोचली, तेव्हा वारा पडला होता. पाण्यात आभाळ उतरलेलं, आणि त्या आभाळातच जणू एक ट्रक उभा होता. ताई खाली वाकली. एकेक टायर वाचला. सहांतला एकही नंबर जुळेना. तिने पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं.

"काय गं, टायर चोरतेस?"

मागे दादा उभा होता. केस पिकलेले, भुवयांवर मीठ.

"सगळे झिजले, बदलले," तो पुटपुटला. मग हळूच, "बाबांनी पाठवलं?"

"त्यांना पत्ताही नाही."

"शिव्या घालतील."

"घालतीलच. सहा वर्षांच्या साठल्यात."

दादा हसला, आणि हसता हसता ट्रकच्या पायरीवर बसून त्याने तोंड ओंजळीत लपवलं. ताई त्याच्या शेजारी टेकली.

"अजून अर्धी गाडी भरायचीय," डोळे पुसत तो म्हणाला.

"भरू दे. मी थांबते."

संध्याकाळी घराच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. "तू आधी उतर."

"दोघं एकदमच उतरू," ती म्हणाली आणि हात लांब करून तिने जोरात हॉर्न वाजवला.